दात आणि हिरड्यांची निगा

दात किडू नयेत, हिरड्या सुजू नयेत म्हणून दुखायच्या आधीच जे काही करायचं ते सगळं यात येतं, डेंटिस्ट लोक याला प्रिव्हेंटिव्ह केअर म्हणतात. ब्रश करणं हा त्यातला मोठा भाग, पण आपण बहुतेक जण ब्रश भलत्याच जागी घासतो, म्हणजे हसताना दिसतो त्या भागावर. खरी गडबड सुरू होते ती दात हिरडीत जिथं शिरतो त्या कडेला, दोन दातांच्या फटीत आणि दाढांच्या खाचांमध्ये, जिथं आरशात काही दिसत नाही.

सकाळी उठल्या उठल्या दातांवरून जीभ फिरवून बघा, बुळबुळीत लागतं ना, तोच प्लाक. ते काही अडकलेलं अन्न नाही, बॅक्टेरियांचा जिवंत चिकट थर आहे, त्यामुळे नुसती चूळ भरून जात नाही, घासूनच काढावा लागतो. 1683 मध्ये लेवेनहूक नावाच्या डच कापड व्यापाऱ्यानं स्वतःच्या दातांमधला पांढरा थर खरवडून मायक्रोस्कोपखाली धरला, त्यात त्याला वळवळणारे बारके जीव दिसले आणि त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं. आणि हा माणूस दात मिठानं नेमानं घासणारा होता बरं का, म्हणजे घासूनही फटीत काय उरतं त्याचा हा बहुतेक सगळ्यात जुना पुरावा.

कीड कशी लागते? या थरातले बॅक्टेरिया, त्यातही स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स, साखर खाऊन ॲसिड बनवतात. इनॅमल, म्हणजे दातावरचं वरचं कवच, हा शरीरातला सगळ्यात कडक पदार्थ, पण तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण 5.5 च्या खाली गेला की त्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं. मग लाळ हळूहळू ॲसिड मारते आणि खनिजं परत भरून काढते, याला अर्धा तास ते तासभर लागतो. म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे जास्त महत्त्वाचं, एकदाच जेवणाबरोबर गोड खाल्लेलं परवडलं पण दिवसभर गोड पेयाचे घोट घेत बसलं तर लाळेला सवडच मिळत नाही. हे स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म या रुग्णालयात 1940 च्या दशकात नीट कळलं, पण कसं, तर बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफी खायला घालून. माहिती उपयोगी पडली, पण प्रकार लाजिरवाणाच. झोपेत लाळ फार कमी होते, त्यामुळे रात्रीचा ब्रश चुकवू नये, आणि बाळाच्या तोंडात दुधाची बाटली ठेवून त्याला झोपवू नये तेही यासाठीच.

कीड रोखणारं खनिज म्हणजे फ्लोराइड, त्याची गोष्ट उलट्या बाजूनं सुरू झाली. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथं लोकांच्या दातांवर तपकिरी डाग का पडतात याचा शोध फ्रेडरिक मॅके नावाचा डेंटिस्ट 1901 पासून घेत होता, डागाळलेल्या दातांना कीड मात्र कमी लागते हेही त्याच्या लक्षात आलं, आणि 1931 मध्ये समजलं की हे पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे होतंय. मग 1945 मध्ये ग्रँड रॅपिड्स शहरानं पिण्याच्या पाण्यात मोजून फ्लोराइड घालायला सुरुवात केली. जास्त झालं तर डाग, बेतानं घेतलं तर बचाव, असा तो मामला आहे. टूथपेस्टमध्ये फ्लोराइड साधारण 1000 ते 1500 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत एवढे भाग) असावं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. आणि घासून झाल्यावर फेस थुंका पण खळखळून चुळा भरू नका, नाहीतर फ्लोराइड लगेच बेसिनमध्ये.

आता हिरड्या. इथं लोक हमखास उलटं वागतात, ब्रशला रक्त लागलं की घाबरून ती जागा घासायचीच सोडून देतात. रक्त बहुतेक वेळा येतं तेच मुळी तिथं थर साचलाय म्हणून. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो यांच्या टीमनं 1965 मध्ये निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं बंद करायला लावलं, 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि परत घासायला लागल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. ही झाली जिंजिव्हायटिस, यातून मागे फिरता येतं. दुर्लक्ष केलं तर काही जणांत सूज खाली उतरते आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं, ते मात्र आपोआप परत येत नाही, आणि दुखत फारसं नसल्यानं दात हलायला लागेपर्यंत पत्ता लागत नाही. डायबिटीस असेल तर धोका जास्त. सिगारेट ओढणाऱ्यांचं तर रक्तही कमी येतं, त्यामुळे आपल्या हिरड्या ठणठणीत आहेत असा गोड गैरसमज होतो.

ब्रश मऊ घ्यावा, केस हिरडीच्या कडेला 45 अंशात तिरके टेकवून हलक्या हातानं हलवावेत, दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. जोर लावला तर थर जास्त निघतो असं काही नाही, उलट हिरडी मागे सरकते आणि दाताच्या मुळाशी खाच पडते. फटीत ब्रश जातच नाही, तिथं फ्लॉस (दातांच्या फटीत फिरवायचा बारीक दोरा) किंवा बारका इंटरडेंटल ब्रश हवा (वापरलेल्या फ्लॉसचा एकदा वास घेऊन बघा, मग कुणी समजावायची गरज पडत नाही). आंबट खाल्ल्यावर लगेच घासू नये, थोडं थांबावं.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट हमखास निसटते, ती सहा वर्षांच्या आसपास येणारी पहिली कायमची दाढ. ती कुठलाही दुधाचा दात न पडता मागे गुपचूप उगवते, पालकांना वाटतं हीसुद्धा पडणारच आहे. तिच्या खोल खाचांवर सीलंटचा, म्हणजे खाचा बुजवणाऱ्या लेपाचा, पातळ थर डेंटिस्टकडून बसवून घेता येतो.

प्लाकचा थर साचून कडक झाला की ते किटण, खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जास्त, कारण लाळेच्या नळ्या तिथंच उघडतात. ते ब्रशनं निघत नाही, क्लीनिंगच करावं लागतं. क्लीनिंगनंतर दातांत फटी पडतात, दात हलतात अशी भीती फार जणांना असते. तर ती जागा हिरडी आणि हाड मागे हटल्यामुळे आधीच रिकामी झालेली असते, किटणानं ती बुजवून ठेवलेली असते एवढंच. थोडे दिवस थंड लागलं की सणक येते, मग कमी होते. पुढची तपासणी कधी ते डेंटिस्टलाच विचारावं, सहा महिन्यांचा हिशोब सरसकट सगळ्यांना लागू पडत नाही, हिरड्या खराब असलेल्याला तीन महिन्यांतही बोलावतात.