अंगणवाडीतल्या दुधाच्या दातांची पार्श्वभूमी

अंगणवाडीतल्या पोरांचे दात सरकारी फॉर्मवर नेमाने यायला लागले ते २०१३ पासून. त्या वर्षी फेब्रुवारीत, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये शोधायच्या ३० गोष्टींची यादी ठरली आणि तिच्यात दातांची कीड घेतली गेली, ही साधी गोष्ट नाही, कारण यादीत नाव असलं तरच गावपातळीवर कुणी त्या गोष्टीकडे बघतं. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक नर्सबाई, एक फार्मासिस्ट, आणि एक गाडी. अंगणवाडीत वर्षातून दोनदा जायचं, शाळेत एकदा. दातांचा डॉक्टर मात्र पथकात नाही.

मी अशा एका पथकाबरोबर दोनेक वर्षं फिरले आहे म्हणून सांगते, तपासणी कशी होते. पोरगं बाईंच्या मांडीवर, हातात टॉर्च, "आ कर बाळा", वरचे पुढचे चार दात तपकिरी खुंट झालेले, खालचे बऱ्यापैकी शाबूत (खालच्या दातांवर जीभ आणि लाळ असते, त्यामुळे ते उशिरा जातात). फॉर्मवर खूण, आईच्या हातात चिठ्ठी, पुढचं पोरगं. चिठ्ठी तालुक्याच्या रुग्णालयाची. तिथं जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवायची, एसटीचे पैसे घालायचे, आणि तिकडं गेल्यावर कळणार की दातांचे डॉक्टर आज दुसरीकडे आहेत. सहा महिन्यांनी परत गेलो की तेच पोरगं, तेच खुंट, आता गालाला सूज. पुन्हा चिठ्ठी. कागदावर याला दोन वेळा सेवा मिळाली.

मागचं थोडक्यात. शाळकरी मुलांची डॉक्टरी तपासणी आपल्या देशात पहिल्यांदा झाली ती १९०९ साली बडोद्यात. १९४६ च्या आरोग्यविषयक मोठ्या अहवालानं सांगितलं की शालेय आरोग्यसेवा देशात जवळपास नाहीच. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यात डेंटल हायजिनिस्ट या वेगळ्या पदाची नोंदणी आली, म्हणजे दात साफ करणारी, समजावून सांगणारी प्रशिक्षित व्यक्ती. न्यूझीलंडमध्ये १९२० च्या दशकापासून शाळाशाळांत दातांच्या नर्सेस काम करत होत्या, आपल्याकडं कायद्यात हायजिनिस्ट आली तरी वाडीवस्तीवर काही पोचली नाही. मग २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ प्रकल्पांत अंगणवाडी आली, तिच्या सहा सेवांत आरोग्य तपासणीही होती आणि पुढं पाठवणंही होतं, पण तेव्हा पोरं जगवायची होती, दाताचा विचार करायला कुणाला उसंत नव्हती. त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. २००२-०३ च्या देशभरच्या दंत पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळपास ५२ टक्के मुलांचे दात किडलेले निघाले, तिथून पुढं मात्र आम्हाला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा उरली नाही.

आता ज्या शब्दामुळे सगळ्यात जास्त घोळ झालाय त्याकडं येते.

१९६२ साली अमेरिकेत लहान मुलांच्या या किडीला नाव पडलं ते दुधाच्या बाटलीवरून. झोपताना तोंडात बाटली, रात्रभर दूध दातांवर, म्हणून कीड. पुढं अनेक वर्षं पुस्तकांत, पोस्टरवर, शिकवण्यात बाटलीच राहिली. १९९४ मध्ये तिकडच्याच एका बैठकीत नाव बदलायचं ठरलं, कारण बाटली न घेणाऱ्या पोरांनाही हेच होत होतं, आणि मग अर्ली चाइल्डहूड कॅरीज हे नाव रुळलं, म्हणजे सहा वर्षांच्या आतल्या मुलाचा एक जरी दुधाचा दात किडलेला, भरलेला किंवा किडीमुळे गेलेला असला तरी ते यात धरायचं. नाव बदललं पण डोक्यातली बाटली गेली नाही. आपल्याकडं तर १९९२ च्या कायद्यानं बाटली आणि डब्याच्या दुधाच्या जाहिरातीवर बंदी आलेली, गावात आई अंगावरच पाजते, मग तपासणाऱ्याचा प्रश्न काय असायचा, तर "रात्री पाजता का?" आई हो म्हणाली की झालं, कारण सापडलं.

इथं माझं मत स्पष्ट आहे. एकीकडं आशाताई सांगते दोन वर्षांपर्यंत अंगावर पाजा, जागतिक पातळीवरचा सल्लाही तोच आहे, दोन वर्षं आणि पुढंही. दुसरीकडं दातवाले सांगतात रात्रीचं पाजणं बंद करा, पोराचे दात गेलेत. वर्षानंतर रात्रभर सारखं पाजत राहिलं तर किडीचा धोका वाढतो हे अभ्यासांत दिसलंय, ते मी नाकारत नाही. पण ज्या घरात पोराच्या पोटात दुसरं धड काही जात नाही त्या घरातल्या आईला पाजू नको म्हणणं मला कधीच पटलं नाही. विचारायला हवं ते हे की दिवसभर काय खातंय. तर सकाळी बशीत चहा-बिस्कीट, आई कामावर गेली की आजीकडं पुन्हा चहा-बिस्कीट, रडलं की पाच रुपयाचा पुडा. हा पुडा प्रत्येक टपरीवर मिळतो, पेरू मिळेलच असं नाही. ऊसतोडीला गेलेल्या घरांचं तर आणखी अवघड, दिवाळीच्या आसपास बिऱ्हाड हलतं ते उन्हाळा लागल्यावर परत येतं, म्हणजे वर्षाच्या दोन तपासण्यांपैकी एक तर हुकतेच.

आपल्या भाषेतलेही दोन शब्द आडवे येतात. "दात किडला" म्हटलं की आत किडा आहे असंच वाटतं, आणि रिंगणीच्या बियांचा धूर देऊन किडा काढून देणारे अजून आहेत. आणि "दुधाचे दात", ते तर पडणारच. पुढचे सहा-सात वर्षांना पडतात हे खरं, पण दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत असतात, म्हणजे तीन वर्षांच्या पोराची दाढ दुखायला लागली तर सात-आठ वर्षं त्याच दाढेनं भाकरी चावायची.

पेस्टचं थोडं. आपल्या नियमांनुसार पेस्टमध्ये फ्लोराईड (दाताला किडीपासून जपणारा क्षार) दहा लाख भागांत १००० भागांपेक्षा जास्त चालत नाही, ते तेवढं असेल तर कामाचं असतं, पण मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोड रंगीत पेस्टमध्ये बऱ्याचदा फारच कमी असतं किंवा नसतंच. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी, इतकंच. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या ज्या गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त आहे (फार झालं की तेच दात-हाडं बिघडवतं) तिथं आधी पाण्याचा प्रश्न, त्यामुळे राज्यभर एकच पोस्टर लावून भागत नाही.

अलीकडे दोन गोष्टी घडल्यात. २०२१ मध्ये जागतिक अत्यावश्यक औषधांच्या यादीत फ्लोराईडची पेस्ट आली आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराईडही आलं. हे द्रावण बारीक ब्रशनं किडलेल्या जागी लावायचं, ड्रिल नाही, इंजेक्शन नाही, कीड बऱ्याचदा तिथंच थांबते. किडलेला भाग मात्र काळा पडतो. काही डॉक्टर म्हणतात गरिबांच्या पोरांना काळे दात द्यायचे का. प्रश्न चुकीचा नाही, पण आज त्या पोराला मिळतंय ते चिठ्ठी आणि सूज, त्याच्याशी तुलना करायला पाहिजे, आणि आईला आधी नीट दाखवून, विचारून लावलं तर बहुतेक आया नको म्हणणार नाहीत असं मला वाटतं. दुसरं, सप्टेंबर २०२५ मध्ये पेस्ट आणि ब्रशवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याच दिवशी बिस्किटांवरचाही १८ वरून ५ वर आला.

पथकाला दातांचा डॉक्टर जोडा ही मागणी जुनी आहे आणि ती व्हावीच. तोवर एक गोष्ट आत्ताच्या आत्ता करण्यासारखी आहे. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर बाळाला अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस देतात, दुसरा दीड वर्षाच्या सुमारास, मग पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी, एकूण नऊ. नऊ वेळा नर्सबाई चमच्यानं ते पिवळं औषध पाजते तेव्हा तोंड उघडलेलंच असतं, वरचा ओठ बोटानं उचलायला दोन सेकंद लागतात, आणि हिरडीलगत दातावर पांढरी रेघ, म्हणजे किडीची पहिली खूण, दिसली तर अजून वेळ गेलेली नसते.