तुरटी आधी, क्लोरीन नंतर

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. अशा पुरात वीज जाते, नळयोजनेचे पंप थांबतात, विहिरी गढूळतात. म्हणून आपत्कालीन पिशवीत टॉर्च, जादा सेल, रोजची औषधं, कोरडा खाऊ आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कागदपत्रं हवीतच. पण पाणी शुद्ध करायचं सामान त्याहून आधी हवं.

माणशी रोज 3 लिटर धरले तर चौघांना तीन दिवसांसाठी 36 लिटर, म्हणजे वीस लिटरचे दोन कॅन. ते संपले की कामाला येतात क्लोरीनच्या गोळ्या, तुरटीचा खडा आणि सुती फडकं.

गोळी विरघळली की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. याच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो ऋणभारित जिवाणूच्या आवरणातून सहज आत शिरतो आणि तिथली विकरं (एन्झाइम) मोडतो. पाणी अल्कधर्मी असेल तर हाच रेणू हायड्रोजन गमावून ऋणभारित हायपोक्लोराइट होतो, बाहेरच अडतो आणि कितीतरी पट दुबळा ठरतो. सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे त्याचा आकडा) 6.5 असताना सुमारे नऊ दशांश क्लोरीन आम्लरूपात असतो, 8.5 ला जेमतेम एक दशांश. 'अल्कलाइन पाणी' अमृत म्हणून विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. जठरातल्या आम्लापुढे ते टिकत नाही आणि क्लोरीनचं काम मात्र बिघडवतं.

गाळ हा दुसरा शत्रू. त्यातला सेंद्रिय कचरा क्लोरीन खाऊन टाकतो, आणि कणांच्या आड जिवाणू लपतात. मातीचे कण ऋणभारित असल्याने एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मारतं, कण चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. तुरटीने सामूही थोडा उतरतो, हा वरचा फायदा. पण नुसत्या तुरटीने निवळलेलं पाणी प्यायचं नाही, जंतू त्यात असतातच.

पाणी दुहेरी फडक्यातून गाळा. तुरटी फिरवून झाली की पाणी तासभर स्थिर ठेवा, वरचं नितळ पाणी अलगद काढा. 20 लिटरला 67 मिलिग्रॅमची एक गोळी टाका, झाकण लावून अर्धा तास थांबा. क्लोरीनचा मंद वास यायला हवा. नाहीच आला तर आणखी एक गोळी आणि पुन्हा अर्धा तास. गोळी वेगळ्या वजनाची असेल तर पाकिटावरचं प्रमाण पाळा.

ग्रामपंचायतीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पिशवीत साठवू नका. ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो, पण दमट हवेत तो उडत जातो आणि मात्रेचा अंदाज उरत नाही. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत, म्हणून तान्ह्या बाळासाठी पाणी खळखळून उकळाच. डिझेल किंवा कीटकनाशक मिसळलेलं पाणी मात्र यातल्या कशानेही पिण्याजोगं होत नाही.