कळा सुरू झाल्यावर नेमकं काय होतं?

आमच्या प्रसूतीपूर्व वर्गात येणाऱ्या गरोदर स्त्रियांसाठी आणि बाळंतपणात त्यांच्या सोबत थांबणाऱ्यांसाठी

वर्गात पहिल्याच दिवशी हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "किती वेळ लागतो?" घड्याळावर बोट ठेवून याचं उत्तर देता येत नाही, आणि कुणी तसं देत असेल तर त्यावर फार विसंबू नका. बाळंतपण एका चालीनं पुढे जात नाही. कधी तासन् तास काहीच होत नाहीये असं वाटतं आणि मग सगळं भराभर घडतं. हे आधीपासून ठाऊक असलेली बाई घाबरत नाही. न घाबरलेलं अंग सैल राहतं, आणि सैल अंगाला कळा सोसणं सोपं जातं. यामागे शरीराचं कारण आहे. गर्भाशय ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे आकुंचन पावतं. भीतीनं वाढणारं ॲड्रेनलिन त्याच्या कामात अडथळा आणू शकतं, विशेषतः सुरुवातीच्या काळात. म्हणून शांत खोली, मंद उजेड, ओळखीचं माणूस या गोष्टींना आम्ही चैन मानत नाही.

तारखेचं काय?

डॉक्टरांनी दिलेली तारीख म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले ४० आठवडे. नेमक्या त्याच दिवशी जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच. ३७ ते ४२ आठवड्यांत कधीही दिवस भरू शकतात, त्यामुळे बॅग ३६व्या आठवड्यातच भरून ठेवा. तारीख उलटून गेली म्हणून घाबरू नका, पण तपासणीही चुकवू नका. ४१ आठवडे झाले की कळा आणण्याचं औषध द्यायचं का, याचा विचार डॉक्टर तुमच्याशी बोलून करतील.

फुगा आणि चेंडू

वर्गात आम्ही एका फुग्यात टेबल टेनिसचा चेंडू घालतो, फुगा फुगवतो आणि चेंडू तोंडाशी येईल असा उलटा धरतो. फुगा म्हणजे गर्भाशय, चेंडू म्हणजे बाळाचं डोकं. फुगा बाजूंनी दाबला तर तोंडाशी काहीच हालचाल होत नाही. या झाल्या सरावाच्या, म्हणजे 'खोट्या' कळा: अनियमित येणाऱ्या, चाललं किंवा कूस बदलली की थांबणाऱ्या. आता फुगा वरून दाबत राहिलं की आधी त्याची मान आखूड होते, पातळ होते, आणि त्यानंतरच तोंड उघडायला लागतं. गर्भाशयाच्या तोंडाचंही असंच होतं. सुरुवातीचे कित्येक तास ते फक्त मऊ आणि पातळ होत असतं. तपासणीत "अजून २ सेंटीमीटरच" असं ऐकून हिरमुसू नका, कारण तोवर बरंच काम झालेलं असतं.

तासाला १ सेंटीमीटर या हिशेबानं तोंड उघडायला हवं, ही समजूत जुनी आहे. अमेरिकेतले डॉक्टर इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५०च्या दशकात प्रसूतीच्या वेगाचे आलेख काढले आणि पुढे तशा मोजमापांवरून हा नियम रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली स्पष्ट सांगितलं की हा वेग सगळ्यांना लागू होत नाही. कळांचा जोराचा टप्पा ५ सेंटीमीटरपासून धरावा आणि तिथून तोंड पूर्ण उघडायला पहिलटकरणीला साधारण १२ तासांपर्यंत, पुढच्या खेपेला १० तासांपर्यंत वेळ लागू शकतो. त्याआधीच्या संथ टप्प्याला ठरावीक मुदत नाही. तो शक्यतो घरी काढावा: थोडं चालावं, हलकं खावं, पाणी प्यावं, डोळा लागला तर झोपावं. पहिल्या कळेपासून उभं राहून श्वास मोजत बसलं, तर खरी गरज पडेल तेव्हा ताकद उरत नाही.

एक कळ जवळून पाहू

कमरेत किंवा ओटीपोटात ताण सुरू होतो. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय टणक झालेलं हाताला कळतं. अर्ध्या मिनिटात कळ ऐन जोरात येते, मग ओसरू लागते, आणि साधारण मिनिटभरात पोट पुन्हा मऊ होतं. दर ३ मिनिटांनी मिनिटभराची कळ येत असेल, तर तासातली २० मिनिटं कळा आणि ४० मिनिटं विश्रांती. ही ४० मिनिटं वापरायला शिकणं हीच आमच्या मते तयारीतली सगळ्यात मोलाची गोष्ट. कळ संपली की खांदे खाली सोडा, जबडा सैल करा, मुठी उघडा, घोटभर पाणी प्या. कळ चालू असताना श्वास सावकाश सोडण्याकडे लक्ष द्या, घेण्याची काळजी नको. तोंडातून आवाज निघाला तर निघू द्या.

एकाच जागी आडवं पडून राहू नका. उभं राहणं, चालणं, भिंतीला टेकून पुढे झुकणं, हातापायांवर ओणवं होणं, यांतलं जे बरं वाटेल ते करा. उभ्या किंवा बसत्या स्थितीत हा टप्पा काहीसा लवकर आटोपतो, असं अभ्यासांतून दिसलं आहे.

सोबतीनं काय करायचं? कळ येताच तळहाताच्या मनगटाजवळच्या भागानं, तिच्या माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर घट्ट दाब द्यायचा. हलकं चोळायचं नाही, दाबून धरायचं, आणि "आणखी जोरात?" हे कळ गेल्यावर विचारायचं. कळेच्या मध्ये प्रश्न नकोत. सतत कुणीतरी सोबत असणं ही छोटी बाब नाही. १७ देशांतल्या १५ हजारांहून अधिक स्त्रियांवरचे अभ्यास २०१७ साली एकत्र तपासले गेले. अशी सोबत मिळालेल्यांमध्ये नैसर्गिक प्रसूती जास्त आणि सिझेरियन कमी आढळले.

तोंड ८ ते १० सेंटीमीटर उघडताना अंग थरथरतं, मळमळतं, आणि बाई म्हणते, "आता नाही होणार माझ्याच्यानं." हे वाक्य बहुतेक वेळा शेवट जवळ आल्याची खूण असते. सोबतीनं तेव्हा वाद घालू नये, जवळ राहावं.

बाळ बाहेर येताना

कटीच्या हाडांची वाट वरच्या बाजूला आडवी रुंद आणि खालच्या बाजूला पुढून मागे रुंद असते. म्हणून बाळ हनुवटी छातीला लावून, डोकं आडवं ठेवून आत शिरतं आणि उतरताना वळतं. कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात, ती थोडी एकमेकांवर सरकतात. तुम्हाला मात्र जाणवतो तो शौचाला लागल्यासारखा दाब. तोंड पूर्ण उघडूनही ही भावना लगेच येईलच असं नाही. बाळ आणि तुम्ही ठीक असाल तर तिची वाट पाहता येते. जोर लावायचा तो आतून ऊर्मी येईल तेव्हा. पहिल्या खेपेला हा टप्पा बहुधा ३ तासांच्या आत, पुढच्या खेपेला २ तासांच्या आत संपतो.

डोकं योनीमुखाशी टेकलं की चरचरून आग होते. त्या क्षणी जोर थांबवून 'हा-हा' असे छोटे श्वास घ्यायचे, म्हणजे कातडीला ताणायला वेळ मिळतो. ३४-३५ आठवड्यांपासून योनीमुखाच्या खालच्या भागाला मसाज केला तर पहिलटकरणींना टाके पडण्याचं प्रमाण घटतं. त्याची पद्धत वर्गात वेगळी दाखवतो.

बाळ छातीवर, उघड्या त्वचेला त्वचा. बाळ ठणठणीत असेल तर नाळ कापण्याआधी किमान १ मिनिट थांबावं, म्हणजे वारेतलं रक्त बाळाला मिळतं. वार बहुधा अर्ध्या तासात पडते. जन्मानंतर रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. 'नैसर्गिक' या नावाखाली ते नाकारू नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो. तसंच वेदना कमी करणारं औषध मागणं किंवा सिझेरियन करावं लागणं यात तुमची तयारी वाया जात नाही. श्वास, सोबत आणि समजून विचारलेले प्रश्न तिथेही उपयोगी पडतात. वार खाली असेल, बाळ पायाळू किंवा आडवं असेल, आधी सिझेरियन झालं असेल, तर बेत डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

दवाखान्यात कधी निघायचं?

पहिलटकरणीनं साधारणपणे ५ मिनिटांच्या अंतरानं, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की. अंतर एका कळेच्या सुरुवातीपासून पुढचीच्या सुरुवातीपर्यंत मोजा. दुसरी खेप असेल किंवा दवाखाना लांब असेल तर त्याआधीच निघा. थोडा रक्ताचे धागे असलेला चिकट स्राव गेला तर धावपळ नको.

पण पुढच्यांपैकी काहीही झालं तर कळांची वाट न पाहता लगेच फोन करा आणि निघा: पाणमोट फुटली (पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल तर तसं सांगा), पाळीसारखं रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, ३७ आठवड्यांआधी कळा सुरू झाल्या, ताप आला, डोकं असह्य दुखू लागलं किंवा डोळ्यांपुढे अंधुक दिसू लागलं. पाण्यासोबत नाळ बाहेर आल्यासारखी वाटली तर गुडघे आणि कोपरांवर ओणवं व्हा, कंबर वर ठेवा आणि रुग्णवाहिका बोलवायला सांगा.

पुढच्या वर्गाला सैल कपडे घालून या, एक उशी आणा, आणि प्रसूतीच्या वेळी जे माणूस सोबत असणार आहे त्यालाच घेऊन या. दाब कुठे आणि किती द्यायचा हे त्याच्या हातानं तुमच्याच पाठीवर शिकायला हवं.