केग सुटा करून धुवा
घरी बिअर बनवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे दुरुस्तीला येणारे बरेचसे केग (बिअर दाबाखाली साठवायच्या स्टीलच्या टाक्या) वरवर पाहता स्वच्छ असतात. झाकण काढून आत टॉर्च मारला तर तळ लखलखतो. मग पोस्ट (केगच्या माथ्यावरचं तोंड, ज्यावर गॅसचा किंवा बिअरचा कनेक्टर बसतो) सोडवून बिअरची लांब नळी वर ओढली, की तिच्या आतून तपकिरी, बुळबुळीत थर निघतो. "दर वेळी गरम पाण्याने धुतो हो," असं ग्राहक सांगतात आणि ते खरंच सांगत असतात. केगची टाकी धुतली गेलेली असते, नळी मात्र तशीच राहते. पुढची प्रत्येक बिअर त्याच नळीतून ग्लासात येते. आंबूस किंवा लोण्यासारखा वास यायला लागला की दोष यीस्टला किंवा माल्टला दिला जातो, म्हणून हे पत्रक लिहावंसं वाटलं.

आधी दाब काढा

गॅस (बिअर ढकलणारा कार्बन डायऑक्साइड) बंद करा, दोन्ही कनेक्टर काढा आणि झाकणावरच्या झडपेची कडी ओढून धरा. फुसफुस पूर्ण थांबली पाहिजे. दाब शिल्लक असताना पोस्ट सोडवली तर ती गोळीसारखी उडते. झाकण सहज आत जात नसेल तर उचकटू नका, आत अजून गॅस आहे असं समजा.

सुटे भाग

१९ लिटरच्या नेहमीच्या केगमध्ये दोन पोस्ट, त्यांतले दोन पॉपेट (स्प्रिंगच्या छोट्या झडपा), बिअरची एक लांब नळी, गॅसची एक आखूड नळी आणि पाच ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) असतात : झाकणाची मोठी एक, पोस्टवरच्या दोन, नळ्यांच्या गळ्यातल्या दोन. गॅसची आणि बिअरची पोस्ट दिसायला सारखी वाटते, पण अदलाबदल चालत नाही. बॉल लॉक प्रकारात (कनेक्टर छोट्या गोळ्यांनी अडकतो तो) गॅसच्या पोस्टवर सहसा खाचा असतात. पिन लॉकमध्ये गॅसला दोन खुंट्या आणि बिअरला तीन. दोन केग एकाच वेळी उघडत असाल तर सुटे भाग वेगवेगळ्या वाटीत ठेवा, कारण एका बनावटीचा पॉपेट दुसऱ्यात नीट बसेलच असं नाही. पाना मापाचाच घ्या. पकडीने पोस्टच्या कडा गोल होतात आणि मग ती आम्हालाही सुटता सुटत नाही.

धुणं वेगळं, निर्जंतुक करणं वेगळं

या दोन कामांची गल्लत सगळ्यात जास्त होते. मळ असेल तिथे निर्जंतुक करणारं द्रावण पोचतच नाही. थराच्या आत जंतू सुखरूप राहतात. म्हणून आधी मळ काढायचा.

त्यासाठी सोडियम परकार्बोनेट असलेली पावडर चांगली. पाणी साधारण ६० अंश सेल्सिअस, पावडर पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात. केग काठोकाठ भरा, कारण वाळलेल्या फेसाचं कडं तोंडाजवळच असतं. अर्धा तास पुरतो. केग बरेच दिवस तसाच पडला असेल तर रात्रभर ठेवा. झाकण मात्र लावू नका. या पावडरीतून ऑक्सिजन सुटतो आणि बंद केगमध्ये दाब चढतो. सुटे भाग त्याच पाण्यात बुडवा आणि लांब नळीतून बारीक, लांब दांड्याचा ब्रश आरपार फिरवा. मग हाताला बुळबुळीतपणा लागेनासा होईपर्यंत खळखळून विसळा.

तारेची घासणी केगच्या जवळही आणू नका. स्टेनलेस स्टीलला गंज लागत नाही तो पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे. घासणीने तो खरवडला जातो, शिवाय साध्या लोखंडाचे कण मागे राहून गंजतात. ब्लीचही नको : क्लोरीनमुळे स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि ते भरून निघत नाहीत. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, हेही लक्षात ठेवा.

पावडरीने न जाणारा खरखरीत पांढुरका थर दिसला तर तो बहुधा बिअर स्टोन, म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेट. त्याला खाद्ययंत्रांसाठीचं आम्लयुक्त क्लीनर लागतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच वापरा.

केग पुन्हा जोडल्यावर फॉस्फोरिक आम्लाचं न विसळता चालणारं सॅनिटायझर घ्या. प्रमाण बाटलीवर असतं ते पाळा, अंदाजाने जास्त ओतू नका. सगळा पृष्ठभाग एक-दोन मिनिटं ओला राहिला पाहिजे. आम्हाला आवडणारी पद्धत अशी : केग काठोकाठ भरायचा, झाकण लावायचं आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने सगळं द्रावण नळातून बाहेर काढायचं. नळी, पोस्ट, नळ सगळं निर्जंतुक होतं आणि केगमध्ये हवेऐवजी गॅस उरतो. ऑक्सिजनमुळे बिअरला येणारी ओल्या पुठ्ठ्यासारखी चव त्यामुळे बरीच टळते. हे करताना खिडकी उघडी ठेवा. उरलेला फेस धुऊ नका, त्याने बिअर बिघडत नाही.

ओ-रिंग आणि गळती

ओ-रिंगवर खाद्य दर्जाचं सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावा. पेट्रोलियम जेली नको, काही रबर तिने फुगतं. चिरलेली, चपटी झालेली किंवा केगमध्ये पूर्वी भरलेल्या सरबताचा वास मारणारी रिंग टाकून द्या. तो वास कितीही धुतलं तरी जात नाही. जोडून झाल्यावर गॅस सोडा आणि झाकण, पोस्ट, झडप यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा. एवढ्याशा गळतीने रात्रभरात अख्खा सिलिंडर रिकामा होतो.

केगपासून नळापर्यंतची पारदर्शक नळी वापरात असेल तर दर दोन आठवड्यांनी धुवा. कितीही धुऊन ती गढूळच दिसली तर बदला.

ठेवताना

रिकामा, स्वच्छ केग थोडा गॅस भरून बंद ठेवा. पुढच्या वेळी झडप ओढल्यावर फुसकारा आला तर सगळ्या रिंगा धड आहेत. नाही आला, तर बिअर भरण्याआधी गळती शोधा. सापडली नाही तर केग आमच्याकडे आणा. दाब काढून आणि सगळे सुटे भाग सोबत घेऊन.