सोलापुरात एवढे इंग्लिश वाईस आले कुठून?

चादरीच्या आणि कडक भाकरीच्या गावात भंगाराच्या ढिगातून इंग्लंडातल्या शेफिल्डचा बेंच वाईस, म्हणजे काम करताना वस्तू घट्ट धरायचा बाकावरचा शिकंजा, निघतो तेव्हा बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. आपल्याकडं कुणाला फारसं वाटत नाही, भंगारवाल्याला तर नाहीच, त्याच्या दृष्टीनं ते बीड, म्हणजे ओतीव लोखंड, भाव किलोवर. "काय बघलालाव एवढं, उचला की मालक" म्हणून तो मोकळा होतो. पण हे वाईस इथं कसे पोचले हे नीट बघितलं तर हातातला तुकडा कुठल्या काळातला आणि कुठल्या कामाचा हे निम्मं तिथंच कळतं, म्हणून साफसफाईच्या आधी हा इतिहास.

सुरुवात रेल्वेपासून. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे पुण्याहून टप्प्याटप्प्यानं सरकत १८६० मध्ये सोलापूरला आली, आणि पुढं रायचूरपर्यंत लाईन जायला १८७१ उजाडलं, म्हणजे मधली दहाएक वर्षं रूळ इथंच संपायचे. इंजिनं, डबे, पाण्याचे पंप, सिग्नलचे खटके, सगळ्याची दुरुस्ती म्हणजे फिटर आला, फिटर म्हटलं की कानस आली, आणि कानस मारायची तर जॉब, म्हणजे हातातली वस्तू, घट्ट धरायला वाईस पाहिजेच. मग १८९७ ला कॅल्थ्रॉप साहेबाची बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली, अडीच फुटी गेजची, ती १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरजेपर्यंत गेली. तिचा वर्कशॉप कुर्डुवाडीला. जिल्ह्यातले कितीतरी चांगले फिटर त्या एका वर्कशॉपनं तयार केले, हे जुनी माणसं अजून सांगतात.

दुसरा आणि माझ्या मते मोठा झरा गिरण्यांचा. १८७७ ला सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग सुरू झाली, जिला आपण जुनी मिल म्हणतो, मग शतक संपता संपता लक्ष्मी आणि नरसिंग गिरजी, नंतर विष्णू, जाम. त्या काळात गिरण्यांची यंत्रं बहुतेक लँकेशायरहून यायची आणि मोडलेला पार्ट विलायतेहून येईपर्यंत महिनोन्महिने जायचे, त्यामुळं प्रत्येक गिरणीत स्वतःचं मेकॅनिक खातं असायचं, लेथ, भट्टी आणि भिंतीला लागून लांबच लांब लाकडी बाक, त्यावर ओळीनं वाईस. सूत काढणाऱ्यांचे, मोर्चात गेलेल्यांचे फोटो सापडतात, या खात्यांचे फारसे नाहीत, हे मला खटकतं.

आता वाईस स्वतः. सगळ्यात जुना प्रकार म्हणजे लेग वाईस, एक पाय खाली जमिनीपर्यंत जातो तो, लोहाराचा. तो घडीव लोखंडाचा, ओतीव नाही, आणि तो पाय शोभेचा नाही, वरून घणाचा दणका बसला की तो पायातून जमिनीत जातो, बाकाला त्रास नाही. पुढचा जबडा खाली बिजागरीवर फिरतो म्हणून तो सरळ न उघडता कमानीत उघडतो, जाड जॉब धरला की पकड खालच्या कडेलाच बसते. स्क्रू सोडला की जबडा आपोआप मागं यावा म्हणून मधे पाटा स्प्रिंग असते, ती बहुतेक वेळा गायब.

लेग वाईसचं वय बघायचं तर नट बघा. मागं जी नळी असते ना, जिच्यात स्क्रू जातो, तिला बॉक्स म्हणतात. जुन्या काळी नळीच्या आत आटे पाडणं भयंकर अवघड, म्हणून चौकोनी पट्टी स्क्रूच्या आट्यांमधून गुंडाळायची, ती नळीत सरकवायची आणि पितळेनं ब्राझिंग करून आत चिकटवायची, झाले आटे तयार. टॉर्च मारून आत पितळेची पिवळी रेघ दिसली तर माल जुन्या पद्धतीचा. पुढं एकसंध लोखंडातच आटे कापलेला बॉक्स आला, इंग्लंडात डडलीच्या पीटर राईटच्या वाईसवर तर 'सॉलिड बॉक्स' असा शिक्काच असतो. ब्राझिंगवाल्याची पट्टी झिजून सुटली की स्क्रू नुसता गरगर फिरतो, आणि असा वाईस लोक फुकट म्हणावा अशा भावात देऊन टाकतात. नवे आटे करून देणारा लेथवाला चांगला ओळखीचा असेल तर बिनधास्त घ्या.

मग बेंच वाईस का आला? कारण लेथ आणि प्लॅनिंग मशीन, म्हणजे लोखंड रंधून सपाट करणारं यंत्र. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात हेन्री मॉड्स्लेसारख्या इंग्लिश यंत्रकारांमुळं अचूक स्क्रू कापणं सोपं झालं, सपाट पृष्ठभाग मशीनवर निघायला लागले, आणि बिडाचं ओतकाम स्वस्त झालं. म्हणजे आता सरळ सरकणारी स्लाईड बनवता येत होती, जबडे समांतर राहणार, कानसकामाला एकदम फिट. तोटा एकच, बीड ठिसूळ. त्यावर घण घातला की तडा. त्यामुळं गिरणीत दोन्ही नांदायचे, भट्टीजवळ लेग वाईस आणि बाकावर पॅरलल, आणि एक आला म्हणून दुसरा गेला असं कधी झालं नाही.

इथं जास्त करून सापडतात ती नावं थोडीच. शेफिल्डच्या सी अँड जे हॅम्प्टनचा 'रेकॉर्ड', कंपनी १८९८ ची पण रेकॉर्ड हे नाव १९०९ पासूनचं, त्यामुळं कुणी 'अठराशेचा रेकॉर्ड' म्हणून विकत असेल तर हसून पुढं जावं. त्यावरचा नंबर म्हणजे इंच नव्हे, ३ नंबरचा जबडा ४ इंची असतो, यात नवे लोक नेहमी फसतात. यॉर्कशायरच्या शिपली गावच्या पार्किन्सनचा 'परफेक्ट' मिळाला तर नशीबच, त्यात खटका दाबला की अर्धा नट खाली सुटतो आणि स्लाईड सरळ ओढता येते, दांडा फिरवत बसायला नको. त्याशिवाय वोडन, पारामो. अमेरिकन माल, म्हणजे चार्ल्स पार्कर, रीड, विल्टन, आपण यूट्यूबवर बघतो तेवढाच. शिकागोचा विल्टन तर मुळात १९४१ चा, त्याच्या स्लाईडखाली तारीख ठोकलेली असते म्हणून ते लोक महिन्यासकट वय सांगतात, आपल्या इंग्लिश मालाला ही सोय नाही.

आपली सोय वेगळी, मालकीचे शिक्के. जीआयपीआर असेल तर तो नक्की १९५१ च्या आधीचा, कारण त्या वर्षी ती मध्य रेल्वे झाली. आणि सोलापूर डिव्हिजन मधे काही वर्षं दक्षिण मध्य रेल्वेकडं होतं, १९७७ मध्ये परत मध्य रेल्वेत आलं, त्यामुळं सोलापूरच्या मालावर एससीआर दिसलं तर तो शिक्का त्या मधल्या काळातला असू शकतो (शिक्का हां, वाईस त्याच्या कितीतरी आधीचा असेल). बाणाचं चिन्ह म्हणजे ब्रिटिश सरकारी, बहुतेक लष्करी माल.

पण शिक्का बघून हुरळून जाऊ नका. रेल्वे प्रॉपर्टीचा १९६६ चा कायदा आहे, रेल्वेची वस्तू चोरीची असल्याचा संशय आला तर ती आपल्याकडं कायदेशीर आली हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं. लिलावाची पावती किंवा निदान विकणाऱ्याचं बिल मागा, नाही म्हणाला तर सोडून द्या, कितीही जीव गुंतला तरी. आणि शिक्का ग्राईंडरनं उडवणं हा तर सगळ्यात मूर्ख उपाय, संशयही वाढतो आणि इतिहासही जातो.

गिरणीच्या वाईसला शिक्का क्वचितच असतो, त्याची ओळख आत. स्लाईड बाहेर काढली की तेल आणि कापसाची बारीक तूस मिळून झालेला काळा नमदा निघतो, रेल्वे वर्कशॉपच्या मालात त्या जागी लोखंडाचा कीस आणि ग्रीस असतं. ही तूस तेल धरून ठेवते म्हणून बाहेरून लालभडक दिसणाऱ्या वाईसचे आटे आत चकाचक निघतात. त्यात सोलापूरची हवा कोरडी, कोकणातल्यासारखा खोल खाणारा गंज इथं कमी. त्यामुळं ॲसिडमधे बुडवायची घाई नको. रॉकेल, तारेचा ब्रश आणि दोन दिवसाचा धीर बहुतेक ठिकाणी पुरतो. फारच अडला तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज काढतात, त्यात वाईस निगेटिव्हला, पॉझिटिव्हला साधं लोखंड, स्टेनलेस अजिबात नाही कारण त्यातून विषारी क्रोमियम सुटतं, आणि हायड्रोजन निघतो म्हणून हे अंगणात, बंद खोलीत नको.

नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णूसारख्या मोठ्या गिरण्या बंद पडल्या, सामान निघालं, बरंचसं भट्टीत गेलं आणि उरलेलं अक्कलकोट रोडच्या शेडमधून, यंत्रमागाच्या कारखान्यांतून फिरत राहिलं. आज ज्याच्याकडं इंग्लिश वाईस आहे त्याच्या घरात बहुधा कुणीतरी जॉबर, फिटर नाहीतर टर्नर होतंच.

स्वातंत्र्यानंतर आयात परवान्यांवर आली तसे लुधियाना-जालंधरकडचे देशी वाईस बाजारात आले, आयटीआयतल्या पोरांचे हात याच वाईसवर बसले. जुनी हत्यारं जमवणारे लोक यांच्याकडं ढुंकून बघत नाहीत. मला हे पटत नाही. त्यातले साठ-सत्तरच्या दशकातले काही इतके भरीव आहेत की आजच्या नव्या मालापेक्षा कधीही बरे. घेताना तीनच गोष्टी तपासा: स्लाईड जिथं बॉडीत शिरते तिथं खालून तडा आहे का, दांडा वाकलेला आहे का (म्हणजे पाईप घालून आवळलाय) आणि जबडे मिटल्यावर मधून उजेड दिसतो का. जबड्याच्या पट्ट्या झिजल्या असतील तर काळजी नको, दोन स्क्रू काढून नव्या बसतात. बॉडीला तडा असेल तर मात्र किलोच्या भावातसुद्धा महाग.