थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं आणि मानेतला ब्लॉक

थायरॉइडची गाठ काढल्यावर रुग्णाला उलटी होऊ नये, याची भूलतज्ज्ञाला मोठी काळजी असते. उमासे आले की मानेतल्या शिरांमधला दाब वाढतो. नुकतीच बांधलेली रक्तवाहिनी पुन्हा वाहू लागली, तर आतल्या चिंचोळ्या जागेत साचलेलं रक्त श्वासाची वाट अडवू शकतं. असं क्वचित होतं, पण झालं तर हाताशी मिनिटंच असतात. पंचाईत अशी, की वेदना शमवणारी मॉर्फिन, फेंटॅनिलसारखी औषधंच मळमळ वाढवतात.

ती कमी लागावीत म्हणून मानेतच ब्लॉक देतात, म्हणजे मज्जातंतूंजवळ बधिर करणारं औषध टोचतात, आणि मला त्याचं मोल इथेच सगळ्यात जास्त वाटतं. मान वळवली की कानामागून छातीच्या हाडाकडे उतरणारा जाड स्नायू उठून दिसतो. त्याच्या मागच्या कडेशी, साधारण मध्यावर, मानेच्या त्वचेला संवेदना देणारे मज्जातंतू वर येतात. तिथे बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध सोडलं की जखमेची वेदना मेंदूपर्यंत फारशी पोहोचत नाही. चीर गळ्यावर आडवी, मध्यरेषा ओलांडून जाणारी. म्हणून ब्लॉकही दोन्ही बाजूंना लागतो.

पूर्वी स्नायूची कड बोटांनी चाचपून सुई घालत, अजूनही घालतात. सोनोग्राफीत मात्र सुईचं टोक, कॅरोटिड धमनी, जुग्युलर शीर आणि स्नायूखाली पसरणारं औषध डोळ्यांसमोर दिसतं. सुई किती खोल जाते हे सांभाळायचं ते श्वासपटलाच्या, म्हणजे छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या स्नायूच्या, मज्जातंतूसाठी. तो याच भागातून खाली जातो. औषध खोल गेलं तर त्या बाजूचं श्वासपटल काही तास लुळं पडतं. एका बाजूचं निरोगी माणूस बहुधा सोसतो. दोन्ही बाजूंचं धोक्याचं. शिवाय स्वरयंत्राचा मज्जातंतू बधिर झाला तर आवाज बसतो, आणि शस्त्रक्रियेत इजा झाली की औषधाचा परिणाम, हे कळेनासं होतं. म्हणून इथे उथळ ब्लॉकच बरा.



सगळंच दुखणं यानं जात नाही. श्वासनळीत घातलेल्या नळीमुळे घसा खवखवतो, मान मागे ताणून ठेवल्यामुळे मानेची मागची बाजू अवघडते. त्यावर या ब्लॉकचा फारसा उपयोग नाही. असर काही तासांचाच, त्यामुळे तो ओसरण्याआधीच पॅरासिटामॉल सुरू केलेलं असावं लागतं.