मीडियम शँकचा घोळ आला कुठून

तुळशीचं लग्न झालं की दर वर्षी कोणीतरी पोरगं विचारतेच, भाऊ, युफोनियमले कोणता माउथपीस घेऊ? युफोनियम म्हणजे जाड, गोड सुराचा पितळी बाजा, आणि माउथपीस म्हणजे ओठ लावून फुंकायचा त्याचा सुटा तुकडा. मग बँड पार्टीतले दहा जण माउथपीसचे दहा नंबर सांगतात. माझं म्हणणं एकच आहे, नंबर नंतर, आधी शँक, म्हणजे माउथपीसची बाज्यात शिरणारी शेपटी. आपल्याकडच्या अर्ध्या बाज्यांची रड कपमध्ये, म्हणजे ओठ टेकतात त्या वाटीत नाही, शँकमध्ये आहे, आणि ती रड आपल्या गावात तयार झाली नाही, बरीच लांबून आली आहे.

फार जुनं थोडक्यात सांगतो. ट्युबाचं, म्हणजे खर्जातल्या सगळ्यात मोठ्या पितळी बाज्याचं, पेटंट बर्लिनला १८३५ मध्ये निघालं, युफोनियम जर्मनीतच १८४३ च्या आसपास आला, त्याच दशकात पॅरिसला सॅक्सहॉर्न नावाच्या पितळी बाज्यांचं खानदान उभं राहिलं. तेव्हा बाजा आणि माउथपीस जोडीनेच यायचे, त्यामुळे गळा (बाज्याचं शँक बसायचं तोंड) किती आणि शँक किती याचं सगळ्यांचं मिळून एक माप असावं अशी गरजच कोणाला वाटली नाही. आपल्याकडे हे वाजंत्रीपण आलं पलटणींसोबत. नागपूरजवळची कामठीची छावणी १८२१ ची, पलटणीत बँड असायचाच, आणि १८५७ मध्ये लंडनजवळ फौजी बँडवाल्यांसाठी वेगळी शाळा निघाल्यावर शिकवण, वाद्यं, सूर सगळंच विलायती वळणाचं झालं. पुढे मेरठच्या जली कोठी भागात बाजे बनायला लागले तेही याच नमुन्यावर. तिथला माल रेल्वेने नागपूरला उतरतो आणि आपल्या तालुक्यांपर्यंत येतो.

आता मुख्य भानगड. इंग्लंडच्या जुन्या युफोनियमचा गळा ना छोटा ना मोठा, मधला. छोटा शँक म्हणजे साध्या टेनर ट्रोंबोनचा (ट्रोंबोन म्हणजे सरकत्या नळीचा बाजा), मोठा म्हणजे बास ट्रोंबोनचा, आणि हा दोघांच्या मधोमध, म्हणून मीडियम. १९६० नंतर तिकडे ट्रोंबोनची नळी रुंद होत गेली, मोठ्या आवाजाची ओढ लागली, लंडनच्या एका नावाजलेल्या ट्रोंबोनवादकाने १९६८ मध्ये स्वतःचे माउथपीस काढले, आणि १९७० च्या दशकात इंग्लंडच्या बनवणाऱ्यांनी युफोनियमचा गळाच मोठा करून टाकला. हॉलमध्ये खुर्चीवर बसून वाजवणाऱ्यासाठी निर्णय बरोबरच होता, आवाज भरदार झाला, मोठ्या शँकचे चांगले माउथपीस सरसकट चालायला लागले. पण ज्यांच्याकडे जुने बाजे होते त्यांचा विचार कोणी केला नाही असं मला वाटते आणि ते मी दरवेळी बोलतो. हळूहळू मीडियमचा माल दुकानातून कमी झाला, आणि आपल्याकडे तर जुन्या नमुन्याचे बाजे नंतरही वर्षानुवर्षं वाजतच राहिले.

त्यात नावाने अजून गोंधळ घातला. मीडियम म्हटलं की पोरांना वाटते शर्टसारखं, म्हणजे कप मध्यम, ओठ मध्यम असेल त्याने घ्यायचा. तसं काही नाही, मीडियम फक्त शेपटीचं माप आहे, त्यावर कप कितीही रुंद असू शकतो. मग याच मीडियमला काही ठिकाणी युरोपियन शँक म्हणतात. आणि ट्युबाच्या बाबतीत युरोपियन शँक म्हणजे अमेरिकनपेक्षा जाड! म्हणजे युफोनियमवाला युरोपियन म्हणतो तेव्हा तो मोठ्यापेक्षा बारीक मागतो, आणि ट्युबावाला युरोपियन म्हणतो तेव्हा तो नेहमीच्यापेक्षा जाड मागतो, शब्द एकच. मी स्वतः दोन दुकानदारांना हा शब्द उलटसुलट वापरताना ऐकलं आहे, आणि त्यांनाही काय दोष द्यायचा, डब्यावर तेच छापलेलं असते.

आपल्या भागात त्यावर तोड निघाली ती दोऱ्याची. मी १९९० नंतरच्या काळात शिकलो, आमच्या पार्टीत युफोनियमवर एक काका होते, त्यांच्या माउथपीसच्या शँकला पांढरा शिवणाचा दोरा घट्ट गुंडाळलेला, वरून मेण. बाजा मीडियम गळ्याचा, माउथपीस ट्रोंबोनचा छोट्या शँकचा, कारण जवळपास तेवढाच मिळायचा. दोरा नसला तर तो सरळ आत घसरायचा आणि वाजवताना हलायचा. नंतर दोऱ्याची जागा प्लंबरच्या पांढऱ्या टेपने घेतली. काम भागते, वरातीत कोणाला कळतही नाही, पण फटीतून हवा जाते, आत माउथपीसचं टोक आणि नळीचं तोंड यांच्यातलं अंतर भलतंच होते, आणि वरचे सूर जागेवर बसत नाहीत, ओठाने ओढून धरावे लागतात. काका चार तासांची वरात संपल्यावर गालाला हात लावून बसायचे. आम्हाला वाटायचं वयाचं आहे. अर्धं तरी त्या दोऱ्याचं होतं, हे मला फार उशिरा समजलं, आणि ते अजून टोचते.

नंबरचा इतिहास वेगळाच आहे. ऑस्ट्रियातून अमेरिकेत गेलेल्या एका ट्रंपेटवादकाने १९१८ मध्ये न्यूयॉर्कला माउथपीस बनवायला घेतले, त्याच्या पद्धतीत नंबर लहान तर कप मोठा. १२-सी म्हणजे कपाचं तोंड २४.५ मिमी रुंद, साडेसहा-एएल २५.४, ५-जी २५.५, ४-जी २६. नंतर शिकागोच्या आणि जपानच्या बनवणाऱ्यांनी उलटं धरलं, नंबर मोठा तर कप मोठा, त्यांचा ४८ साधारण साडेसहा-एएलच्या जवळ आणि ५१ साधारण ५-जीच्या. हे माहीत नसताना मी शहरातल्या एका दुकानातून १२-सी आणला होता, साडेसहापेक्षा बारा मोठाच असणार म्हणून, आणि दुकानदारानेही हो म्हटलं. गेला पूर्ण सीझन चिमटीएवढ्या कपावर युफोनियम वाजवण्यात. सूझाफोनवाल्यांनो (अंगाभोवती घालायचा ट्युबा वाजवणाऱ्यांनो), तुमचंही तेच आहे, २४-एडब्ल्यू हा ३१.२५ आणि १८ हा ३२.५, म्हणजे १८ मोठा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, साडेसहा-एएल आणि ५-जी दोन्ही छोट्या शँकमध्येही येतात आणि मोठ्यातही, त्यामुळे नुसता नंबर सांगून माल मागवला तर नेमका चुकीचा यायची पूर्ण सोय आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत चित्र लय बदललं. धुमाल (ढोल-ताशांचे ताफे) आणि डीजे आल्यावर बँड पार्टीला ऐकू जाण्यासाठीच फुंकावं लागते, मग पोरं उथळ कप घेतात, आवाज चिरत जातो खरा पण युफोनियमचा गोडवा जातो आणि खालचे सूर पातळ होतात. मी याच्या विरोधात आहे. ऑनलाइन माल घरपोच यायला लागला, त्यात प्लॅस्टिकचे माउथपीस पण आले, आधी मला ते खेळणं वाटलं होतं, पण चंद्रपूर-अकोल्याकडच्या मे महिन्यात ४५ अंशात दुपारची वरात असली की पितळी कडा ओठाला अक्षरशः चटका देते, चांदीचा मुलामा उडालेला असला तर ओठ हिरवा होतो तो वेगळाच, तिथे प्लॅस्टिक खरंच कामाचं आहे. उन्हात बाजाचा सूर चढतो त्यावर मात्र त्याचा काही इलाज नाही, तिथे ट्युनिंगची नळीच ओढावी लागते.

शँक तपासायची आमची रीत सोपी आहे. माउथपीस हलकेच बसवायचा, ठोकायचा नाही, पाव वळसा द्यायचा, गळ्याच्या कडेला पेन्सिलने रेघ मारायची आणि काढून मोजायचं. साधारण इंचभर आत गेला आणि हलत नसला तर जोडी जमली. अर्धा इंचच गेला तर शँक जाड आहे, दीड इंच गेला किंवा आत जाऊन डगडग करत असला तर बारीक आहे. मागच्या उन्हाळ्यात काकांच्या त्याच बाज्यावर मी हे करून पाहिलं, दोरा सोडून. दीड इंच आत गेला.

मीडियमचा माउथपीस आता मागवला तर मिळतो, पण वाट पाहावी लागते आणि महाग पडतो. दुसरा मार्ग म्हणजे मोठ्या शँकचा घेऊन तालुक्याच्या लेथवर शेपटी उतरवून घेणं. लेथवाल्याला तोंडी मीडियम सांगून उपयोग नाही, २० मिमी लांबीला साधारण १ मिमी जाडी कमी होत गेली पाहिजे हे सांगायचं, आणि बाजाच सोबत घेऊन जायचं. काकांच्या मुलाने बाजा गोधडीत गुंडाळून मोटरसायकलवर आणला होता, लेथवाला दोनदा उतरवून दोनदा बसवून पाहत होता, तिसऱ्यांदा रेघ बरोबर इंचावर आली.